कोलूखालची खुर्ची

वरुणरावांच्या घरात तीसेक खुर्च्या होत्या आणि बसायला एक नव्हती. तंजावूरला मेडिकल कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. दारातून आत आलेल्या पाहुण्याला पहिला शब्द ऐकू यायचा तो ‘या’ नव्हे, ‘तिच्यावर नको.’ मग पाहुणा बिचारा दुसऱ्या खुर्चीकडे वळायचा, तर तिच्यावरही नको. शेवटी त्याला जिन्याच्या पायरीवर बसवून कॉफी दिली जाई. विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला काही तरी छंद हवा हे खरं, पण छंदानं घरादाराला उभं ठेवावं हे जरा अतीच.

बरं, खुर्च्याही कसल्या, तर जेवणाच्या टेबलाच्या. पन्नास-साठच्या दशकातल्या. नक्षी नाही, मोर नाहीत, सिंहाचे पंजे नाहीत. साधं सागवान, खाली निमुळते होत गेलेले जरासे फाकलेले पाय, वेताची बैठक आणि माणसाच्या पाठीचा विचार करून वाकवलेली पाठ. या गावात लोक कांस्यमूर्ती जमवतात, सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं जमवतात. वरुणराव कुणाच्या अडगळीत डोकावून खुर्च्या जमवतात म्हटल्यावर लोक हसायचे, आणि वरुणराव चिडायचे. चिडण्याची त्यांना सवयच लागली होती.

या सगळ्या पसाऱ्यात त्यांचा जीव अडकला होता तो मात्र पाचच खुर्च्यांत. त्या त्यांच्या अप्पांच्या. पाटबंधारे खात्यातल्या सत्यनारायणरावांनी मद्रासला एका साहेबाच्या बंगल्यात तसलं टेबल पाहिलं, घरी येऊन कागदावर काढलं आणि सुताराकडून तसंच करून घेतलं. एक टेबल, सहा खुर्च्या. प्रत्येक बैठकीच्या खालच्या बाजूला सुतारानं तापल्या सळईनं आकडा उमटवला होता. पुढे गावातल्याच मेलवीथी रस्त्यावरचं जुनं घर विकलं, भावंडं पांगली, सामान कुठल्या कुठे गेलं. टेबल थोरल्या भावानं, वेंकटेशनं कोइमतूरला नेलं होतं, ते त्यानं कंटाळून परत दिलं. खुर्च्या मात्र वरुणरावांनी एकेक करून हुडकून काढल्या. एक वकिलाच्या माडीवर सापडली. एक करंदै भागातल्या सलूनमध्ये, तिच्यावर गिऱ्हाईक दाढीला बसलेलं. एक तर कालव्याकाठच्या मोटारपंपाच्या खोलीत, अंगभर हिरवा ऑइलपेंट फासलेली. तो रंग खरवडताना वरुणरावांच्या नाकी नऊ आले. अशा करत एक ते पाच आकडे जमले, आणि सहाव्यानं मात्र वर्षानुवर्षं हातावर तुरी दिल्या.

वरुणरावांना ते टेबल डोळ्यांपुढे लख्ख दिसायचं. अप्पा मध्ये, शेजारी आजोबा, सगळं घर भोवती, वाफाळता भात आणि गप्पा. गावातली बाकीची घरं भिंतीला टेकून जमिनीवर पानं मांडत होती तेव्हा आपलं घर टेबलाभोवती एकत्र जेवत होतं, याचा त्यांना केवढा अभिमान. ते टेबल एकदा, फक्त एकदा, तसंच पुरं भरलेलं पाहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि यंदा योगही होता. लेक रम्या दिवाळीला सासरच्या माणसांना घेऊन पहिल्यांदाच येणार होती.

“रम्या, जावई, व्याही, विहीणबाई, जावयाची बहीण आणि मी,” वरुणरावांनी बोटांवर मोजलं. “बरोबर सहा.”

“सहाच?” वाणीनं स्वयंपाकघरातून विचारलं. वाणी म्हणजे त्यांची बायको, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली.

“सहाच. मोजून पाहा.”

वाणीनं बोटांवर काही मोजलं नाही. ती आपल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ताट मांडीवर घेऊन जेवत होती. ती खुर्ची तिनं स्वतः बाजारातून आणली होती, कारण घरात तिला बसता येईल अशी तेवढी एकच होती.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी ओरत्तनाडूहून नागलक्ष्मीअक्काच्या कोलूचा फोटो फोनवर आला. नागलक्ष्मी म्हणजे वरुणरावांची थोरली बहीण. तिचे यजमान तिथल्या सरकारी कचेरीत होते, ते गेल्यावरही ती तिथंच राहिली. कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, आणि पायऱ्या म्हणजे तरी काय, घरातले पेटारे, स्टुलं, डबे रचून वर फळ्या टाकायच्या आणि पांढरं धोतर पसरायचं. लोक बाहुल्या पाहतात. वरुणरावांनी धोतर पाहिलं. डाव्या बाजूला ते जरा घसरलं होतं, आणि त्या फटीतून सागवानी पाठीचा एक वाकलेला कोपरा दिसत होता. खालचं बाकीचं सगळं पितळी कलशांच्या आड होतं. पण तो वाक वरुणरावांनी झोपेतही ओळखला असता. त्यांनी जेवण अर्धं टाकलं आणि बसस्टँड गाठला.

“कां रे वरुणा, फोन न करितां आलास?” अक्का दारातच त्यांच्या घरच्या जुन्या तंजावुरी मराठीत म्हणाली. “ये, हळदीकुंकवाला बायका येतात, तूं कोठें त्यांच्यांत?”

“अक्का, कोलूखालीं अप्पांची खुर्ची आहे.”

“आहे की.”

“इतकीं वर्षें मी हुडकतों आहे. तूं सांगितलें नाहीस.”

“तूं विचारलेंस कधीं? तूं येतोस, ‘अक्का, बरी आहेस?’ म्हणतोस, माडीवर जाऊन अडगळ पाहतोस, आणि बस पकडतोस. कोलूला आलास कधीं?”

हे खरं होतं, पण खरं असलं म्हणून गोड थोडंच लागतं. वरुणरावांनी विषय बदलला. ती खुर्ची आत्ता काढून तिथं दुसरं काही ठेवू, असं त्यांनी सुचवलं. अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी देवळाचा खांब मागितला.

“कोलू ठेविलें आहे. आतां विजयादशमीपर्यंत हालवितां येत नाही. अम्मानं शिकविलें नाही तुज? बैस. सुंडल खा.”

त्यांनी चण्याची उसळ खाल्ली. तेवढ्यात शेजारच्या बायका आल्या, आणि रिवाजाप्रमाणे कोलूपुढे सगळ्यांनी एकेक गाणं म्हटलं. मग सगळ्या वरुणरावांकडे पाहू लागल्या. सुटका नव्हती. त्यांना एका भजनाची एकच ओळ येत होती, ती त्यांनी तीनदा म्हटली. म्हणताना नजर मात्र सारखी त्या घसरलेल्या धोतराकडे. बायका पदराआड हसत होत्या. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी धुमसत बसून राहिले.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशातली गत झाली. वरुणरावांनी खुर्चीच्या बदल्यात अक्काला द्यायला एक भक्कम लोखंडी बाक घेतलं आणि ते न्यायला टेंपो ठरवला. विजयादशमीला पहाटेच निघायचं तर बाक आदल्या दिवशी चढवून ठेवू, असा त्यांचा बेत. पण तो दिवस नेमका आयुधपूजेचा. टेंपोच्या तोंडाला चंदन, गळ्यात झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. आज गाडीला विश्रांती, तिच्यावर ओझं टाकायचं नाही, असं ड्रायव्हरनं हात जोडून सांगितलं. उद्या पूजा उतरली की येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला, पण उन्हं चढल्यावर. ओरत्तनाडूला पोचल्या पोचल्या वरुणरावांनी बाक ओसरीवर उतरवलं आणि बाह्या सरसावल्या.

“आज एकच बाहुली निजवावयाची,” अक्का म्हणाली. “सांजेला. मग कोलू निजलें म्हणावयाचें. उतरविणें उद्यां.”

“एक बाहुली निजवून काय होते? सगळ्याच निजवूं ना.”

“तुज घाई आहे म्हणून देवींना घाई आहे कां?”

“सरि, बरें, मग उद्यां येतों,” वरुणराव दात खाऊन म्हणाले.

“उद्यां शुक्रवार. शुक्रवारीं घरांतलें कांही बाहेर देत नाहीत.”

वरुणरावांचा संताप अनावर झाला. त्यांना वाटलं, ही म्हातारी मुद्दाम करते आहे. लहानपणापासून अशीच. वेंकटेशला आणि आपल्याला ताटात जास्त वाढलं की डोळे वटारून बघायची. रिकामा टेंपो घेऊन ते घरी आले आणि वाणीवर ओरडले, कारण ओरडायला दुसरं कुणी नव्हतं. पाच खुर्च्यांवरच्या चादरी सरळ करत त्यांनी स्वतःशीच ठरवलं, की शनिवारी काही झालं तरी खुर्ची घेतल्याशिवाय परतायचं नाही. अक्का रडली तरी नाही.

शनिवारी ते टेंपो घेऊन सकाळी सकाळीच हजर झाले. अक्का एकटीच होती. तिनं काही एक खळखळ केली नाही, उलट त्यांनाच कामाला लावलं. एकेक बाहुली पुसायची, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची, पेटीत ठेवायची. राजाराणी, दुकानदार आणि त्याची बायको, दशावतार, लग्नाची वरात. वरुणरावांचे हात भराभर चालत होते आणि अक्का दर बाहुलीला ‘हळू’ म्हणत होती. पायऱ्या रिकाम्या झाल्या. फळ्या निघाल्या. शेवटी अक्कानं धोतर ओढलं आणि कलश बाजूला केले.

पाठ तीच होती. वेताची वीणही तीच. पण खुर्ची जमिनीवर बसल्यासारखी दिसत होती, कारण तिला पाय नव्हते. म्हणजे होते, वीतभर. ते सुंदर निमुळते फाकलेले पाय कुणी तरी करवतीनं मधूनच कापले होते, आणि तेही वाकडे. एका पायाखाली तर पातळ चकती ठोकली होती.

वरुणरावांनी खुर्ची पुढे ओढली. मग खुर्ची उलटी करून पाहिली. बैठकीच्या खाली सहाचा आकडा स्पष्ट होता.

“कोण मूर्खानं कापिली ही?” त्यांचा आवाज फाटला. “कोलूच्या पायरीसाठीं? पायरीची उंची जमेना म्हणून असल्या खुर्चीला करवत लाविली? अक्का, तुज कळते कां ही काय चीज होती?”

“अप्पांनीं कापिली.”

“अप्पा? अप्पांनीं तर ती करविली.”

“त्यांनींच करविली, त्यांनींच कापिली.” अक्का धोतराची घडी घालत होती. “सहावी अम्माची म्हणून करविली होती. तूं लहान होतास. अप्पा म्हणत, ‘ये, टेबलास बैस.’ ती येईना. सासऱ्यांपुढें कशी बसूं म्हणे. आणि ती बसली तर वाढणार कोण? मग तिचे गुडघे गेले, जमिनीवर बसतां येईना. उभ्यानें जेवूं लागली. एके दिवशीं अप्पांनीं स्वतः करवत घेतली आणि खुर्चीचे पाय कापिले. स्वयंपाकघरांत चुलीशेजारीं ठेविली. तिच्यावर बसली की हात खालच्या पानापर्यंत पोंचत असे.”

वरुणराव सहाच्या आकड्यावरून बोट फिरवत राहिले.

“मी तेथेंच असें तिच्या शेजारीं. खालीं. तुम्ही सगळे उठल्यावर.” अक्कानं घडी मांडीवर ठेवली. “तूं नेहमी सांगतोस, आमचें घर टेबलास एकत्र जेवीत असे. व्याह्यांस सांगितलेंस, मी ऐकिलें. कोण कोण बसत असां, सांग.”

वरुणरावांनी सांगायला तोंड उघडलं. आजोबा. अप्पा. काका. वेंकटेश. आणि मी. पुढचं नाव येईना. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि पुन्हा पाचावर येऊन थांबले. ते लख्ख चित्र डोळ्यांपुढे होतं, त्यात भात वाफाळत होता, अप्पा काही तरी सांगून हसत होते, आणि एका बांगड्या भरलेल्या हातानं मध्येच येऊन वरुणरावांच्या ताटात तूप वाढलं. हात दिसत होता. त्याच्या मागचा चेहरा कधी पाहिल्याचं त्यांना आठवेना. सहावी खुर्ची मात्र आता आठवली. भिंतीकडेला होती, तिच्यावर वर्तमानपत्रं आणि केळ्यांची फणी.

त्यांना लाज वाटली आणि लाजेचाही राग आला. “अप्पांनीं तिला हात धरून आणावयास हवें होतें,” ते म्हणाले.

“हवें होतें. टेबलावरच्या माणसांस कोण सांगेल? खुर्ची कापणें सोपें.” अक्कानं खुर्चीवरची धूळ पदरानं पुसली. “पण त्यांनीं तेवढें तरी केलें. तुम्हां दोघां भावांस तेंही दिसलें नाही. जा, ने. तुज दिवाळीस हवी म्हणालास ना. मी अडविणार नाही.”

आणि इथं वरुणरावांच्या मनानं काय केलं ते सांगितलं पाहिजे, कारण माणूस एका झटक्यात सुधारत नसतो. त्यांच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की पाय जोडता येतील. जुनं सागवान मिळतं, तिरका सांधा मारून वर पॉलिश केलं तर कुणाला कळणारही नाही. त्यांच्या बोटांनी नकळत कापलेल्या पायाची जाडी मोजूनही पाहिली. दिवाळीला दोन आठवड्यांहून जास्त अवकाश होता. सहजी झालं असतं.

मग त्यांचं बोट त्या ठोकलेल्या चकतीवर गेलं. खुर्ची डुगडुगू नये म्हणून चौथ्या पायाखाली घातलेली. खिळे दोन, त्यातला एक वाकलेला. ज्या माणसाला खिळा सरळ मारता येत नव्हता त्यानं गुडघे टेकून हे काम केलं होतं. वेताची बैठक मधोमध खोल गेली होती. बाकीच्या पाचांची वीण वरुणरावांनी नवी करून घेतली होती, पण त्या खरवडताना, घासताना त्यांना कधी कुणाचं बसणं असं दिसलं नव्हतं.

“राहूं दे येथेंच,” ते म्हणाले. आवाज मात्र अजून तक्रारीचाच होता. “बाकही राहूं दे. पुढच्या वर्षीं कोलूखालीं तें घाल. ही वर ठेव, लोकांस दिसेल अशी.”

“लोकांस कशास? मी बसतें तिच्यावर रोज, स्वयंपाकघरांत,” अक्का म्हणाली. “माझे गुडघे काय नवे आहेत?”

रस्त्यात ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, सार, सामान कुठं? दुसऱ्या खेपेला वरुणराव त्याच्यावर खेकसले. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही.

घरी आले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. वाणी स्वयंपाकघरात लाल खुर्चीवर बसून ताट मांडीवर घेत होती. बाहेरच्या खोलीत अप्पांचं टेबल, भोवती पाच खुर्च्या, प्रत्येकीवर चादर. वरुणरावांनी एकीची चादर ओढून काढली.

“इकडे ये. येथें बैस.”

वाणीनं मान वर केली. “उन्हात डोकें फिरलें कां? वेत तुटला तर तुम्हीच चार दिवस बोलणार नाही.”

“तुटूं दे. बैस म्हणतों ना.”

“नको. तिला पाठ टेकिली की माझी कंबर दुखते. मागें एकदां धूळ पुसतां पुसतां बसून पाहिलें आहे.”

आता मात्र हद्द झाली. एवढ्या वर्षांची खटपट, एवढी विघ्नं, आणि जिला बसवावं म्हटलं तिची कंबर दुखते. वरुणरावांनी हातातली चादर खाली टाकली. मग स्वयंपाकघरात गेले, वाणीला उठवलं, तिची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि बाहेर आणून टेबलाशी सहाव्या रिकाम्या जागी ठेवली. सागवानाच्या शेजारी ती इतकी भयंकर दिसत होती की त्यांना दुसरीकडे पाहावं लागलं.

वाणी ताट घेऊन आली, बसली. समोरची चादर काढलेल्या खुर्चीवर वरुणरावही बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वेत कुरकुरला. दोघं समोरासमोर. वरुणरावांपुढे ताट नव्हतं, आणि ते आपोआप येईल अशा सवयीनं ते वाट पाहत बसले.

वाणीही वाट पाहत होती. तिनं भातात खळगा करून ठेवला होता. “मी बसलें आहे,” ती म्हणाली. “रसम आंत आहे.”

वरुणराव उठले. स्वयंपाकघरात ओट्यावर चार भांडी झाकलेली होती, सगळी सारखी. पळी कुठं असते ते त्यांना माहीत नव्हतं.

“कोणत्या भांड्यांत?” त्यांनी तिथूनच विचारलं.

“झाकण काढून पाहा. आणि ऐका,” वाणी टेबलावरून म्हणाली, “दिवाळीस सहा नव्हेत, सात माणसें आहेत. मी तेव्हांच मोजिलीं होतीं.”